देव, व्हाइट चॉकलेट आणि निशिओ-सान

'लहान मुलाच्या नजरेतून जग' असं कुठे लिहिलेलं दिसलं की मला आधी धडकीच भरते, कारण बहुतेक वेळा त्यातलं मूल मोठ्यांनी पढवलेली गोड गोड वाक्यं बोलत असतं. 'लिटल अमेली' बघताना तसं काही झालं नाही. २०२५ चा फ्रेंच अॅनिमेशनपट, जेमतेम सव्वा तासाचा, बेल्जियन लेखिका अमेली नोतोंब यांच्या २००० सालच्या कादंबरीवरून केलेला, आणि कादंबरी त्यांच्या स्वतःच्याच बालपणावर बेतलेली. साल १९६९, जपान, वडील बेल्जियमचे राजनैतिक अधिकारी, आणि घरातलं हे शेंडेफळ पहिली दोन वर्षं ढिम्म. रडणं नाही, हलणं नाही, काही नाही. डॉक्टरांनी हात टेकलेत आणि बाईसाहेब स्वतःला देव समजून बसल्यात! मला कशाचीच गरज नाही, म्हणजे मी देवच की, असं साधं सरळ लॉजिक.

मग भूकंप होतो आणि ही जागी होते, जागी होते म्हणजे काय तर जे भोकाड पसरते ते घर डोक्यावर घेते, कुणालाच आवरेना. शेवटी बेल्जियमहून आजी येते आणि सोबत आणलेल्या व्हाइट चॉकलेटचा तुकडा तिच्यापुढे धरते. बस्स, पहिला घास तोंडात गेला आणि पोरीचं जग सुरू. (मला स्वतःला व्हाइट चॉकलेट म्हणजे साखर घातलेला डालडा वाटतो, पण तेवढ्यापुरतं मलाही खावंसं वाटलं.)

चित्रांना काळ्या आउटलाइन नाहीत, रंगाला रंग नुसता भिडलेला, म्हणजे गवत कुठे संपतं आणि फ्रॉक कुठे सुरू होतो ते नीट बघावं लागतं. दोन-अडीच वर्षांच्या पोराला जग असंच दिसत असणार असं मला सारखं वाटत होतं.

पण माझ्यासाठी पिक्चर आहे तो निशिओ-सानचा. ही घरकामाला आणि मुलांना बघायला येणारी जपानी बाई. आईवडील आपापल्या व्यापात, आणि ही मात्र खाली बसून पोरीशी खेळते, तिच्या प्रश्नांना खरी उत्तरं देते. मग पोरगी ठरवून टाकते की मी जपानीच. आमच्या बिल्डिंगमध्ये एक पिल्लू आहे, आईबाबा दोघं आयटीत, ते दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींबरोबर असतं, तर जेवायला बसतं ते अगदी मावशींसारखं, डावा गुडघा उभा करून आणि हात त्याच्यावर टेकवून. आईला गंमतही वाटते आणि थोडं लागतंही, चेहऱ्यावर दिसतं ना.

घरमालकीण काशिमा-सानला मात्र निशिओ-सानने या परक्यांचा इतका लळा लावून घेणं अजिबात पसंत नाही. दुसऱ्या महायुद्धात तिची माणसं गेलीत आणि तेव्हा युद्ध संपून चोवीसच वर्षं झालेली, त्यामुळे तिला व्हिलन म्हणवत नाही. निशिओ-सानचीही माणसं युद्धातच गेलेली, पण ती ते पोरीला सांगते स्वयंपाक करता करता, रोजच्या कामासारखं. एकच युद्ध आणि दोन बायका, एकीने दार लावून घेतलंय आणि दुसरी परक्यांच्या पोरीला जेवू घालतेय. आणि मधे उभ्या पोरीला दोघींपैकी कुणाचंच धड कळत नाहीये.

फॅमिली पिक्चर म्हणून अगदी चिमुरड्यांना घेऊन बसू नका, यात मरण आहे आणि पाण्यात बुडण्याचा प्रसंगही. आठ-नऊ वर्षांच्या पुढचं पोर असेल तर खुशाल दाखवा, प्रश्न मात्र येतील. एकच तक्रार, मागून बोलणारी ती छोटी अमेली कधी कधी फारच तत्त्वज्ञान झाडते, तीन वर्षांचं मूल असं कुठे बोलतं! आता स्वतःला देव समजणाऱ्या बाईंकडून बोबडे बोल कुठून आणणार म्हणा.