तुम्ही विचारलंत म्हणून: रानपिंगळ्याचं एवढं काय?

"आमच्या वडावरही पिंगळ्याची जोडी आहे. मग त्या रानपिंगळ्याचं एवढं काय?" पक्ष्यांचे फोटो दाखवायला बसलो की हा प्रश्न येतोच.

दोघंही छोटी घुबडं, दिसायला भाऊभाऊच. वीतभर उंची, पिवळे डोळे. पण गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, चोच नि पंजे दणकट. शिवाय तो दिवसाढवळ्या शिकार करतो. मेळघाटात मला तो भर सकाळी सागाच्या उघड्या फांदीवर दिसला, शेपटी डावीउजवीकडे झटकत होता. कितीतरी वेळ दुर्बीण खाली घ्यावीशी वाटली नाही.

१८८४ नंतर शतकभर तो कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. सलीम अलींनीही शोधून पाहिला. माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला होता, पण त्याचा नमुना, म्हणजे जतन केलेला पक्षी, संग्रहालयातून चोरून त्यावरची ठिकाण-तारखेची चिठ्ठी बदललेला निघाला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली आणि जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढत नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळच्या रानात त्याला गाठलं. एका खोट्या चिठ्ठीने इतकी वर्षं दिशाभूल केली, याचा मला आजही संताप येतो.

पुढे तोरणमाळ, यावल, मध्य प्रदेशातलं खंडवा, २०१४ मध्ये तर मुंबईजवळचं तानसा, अशा नोंदी वाढत गेल्या. म्हणून २०१८ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त' गटात आला. 'म्हणजे संख्या वाढली ना?' असं लोक आनंदाने विचारतात. नवी ठिकाणं कळली, एवढाच त्याचा अर्थ. प्रौढ पक्षी अजूनही हजाराच्या आतच असावेत.

तुमच्या वडावरची जोडी याच यादीत सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. तिला पडक्या भिंतीतलं भोक चालतं, रस्त्यावरच्या दिव्याखाली जमणारे किडे चालतात. रानपिंगळ्याला पानगळीचं मोकळं रान हवं आणि घरट्यासाठी ढोली असलेलं जुनं, जाड झाड. लाकूडतोडीत आणि शेतीसाठी रान साफ करताना नेमकी अशीच झाडं जातात. सातपुड्यातलं असं एक झाड पडलं, तर ती जोडी तुमच्या वडावर राहायला येत नाही.