घसा ठीक आहे माझा

"काका, घसा बसला का?" आठवड्यातून तीनदा तरी हे ऐकतो. विचारून लोक थांबत नाहीत. ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं सुचवतात. परवा लिफ्टमध्ये एका वहिनींनी खडीसाखरच हातावर ठेवली. तेव्हा सगळ्यांनाच एकदाचं सांगून टाकतो. घसा उत्तम आहे. गळ्यात दिसतो तो क्रॅव्हॅट, म्हणजे टायऐवजी गळ्याला गुंडाळायचं कापड.

मग पुढचा प्रश्न हमखास येतो: 31 वर्षं टाय बांधून हौस फिटली नाही का?

फिटली म्हणूनच तर. मी एम.आर., म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. अकोला, वाशीम, बुलडाणा हा माझा भाग. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर गेला तरी कंपनीच्या नियमात टाय होता म्हणजे होता. माझे वडील त्याला कंठलंगोट म्हणायचे, आणि दुपारी दीड वाजता डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसलं की ते पटायचंही. टाय कातडीला लागतच नाही. घाम सगळा कॉलर पिते आणि टाय नुसता वरून आवळतो. घरी गेल्यावर बायको कॉलरची काळी रेघ ब्रशने घासत बसायची. शेजारी बसलेला शेतकरी मात्र गळ्यातला दुपट्टा सोडायचा, मान पुसायचा, परत गुंडाळायचा. त्याचा मला फार हेवा वाटे.

क्रॅव्हॅट शर्टाच्या आत, थेट कातडीवर बसतो. टाय आणि तो यांतला खरा फरक एवढाच. वरची दोन बटणं उघडी ठेवायची, एक टोक लांब धरून दुसऱ्यावरून फिरवायचं, गळ्याखालून वर काढून पुढे सोडायचं, पसरायचं आणि आत खोचायचं. गाठ दिसत नाही, आवळत नाही. दुपट्टाच तो, जरा शिकलासवरलेला.

मुळातही तो तेच होता. 1618 ते 1648 या तीस वर्षांच्या युद्धात फ्रान्सच्या पदरी क्रोएशियाचे भाडोत्री घोडेस्वार होते. ते गळ्याला कापड बांधत. क्रोएशियन माणूस स्वतःला 'ह्रवात' म्हणवतो, त्यावरून फ्रेंचांनी त्या कापडाला 'क्रावात' केलं. चौदाव्या लुईच्या सैन्यात 'रॉयल क्रावात' नावाची घोडदळाची तुकडीच होती, आणि दरबारात राजाच्या गळपट्ट्यांची निगा राखायला खास माणूस नेमलेला असे. माझ्या मते सगळं इथेच बिघडलं. फडक्याची लेस झाली. इंग्लंडमध्ये ग्रिनलिंग गिबन्स या कारागिराने 1690 च्या सुमारास लाकूड कोरून लेसचा हुबेहूब क्रॅव्हॅट घडवला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. 1769 साली होरेस वॉलपोल नावाच्या उमरावाने तो खरोखरच गळ्यात अडकवून पाहुण्यांचं स्वागत केलं. लाकूड! आणि मी टायबद्दल कुरकुरत होतो.

मधे एकदा अक्कल आली होती. 1692 मध्ये स्टीनकर्कच्या लढाईत फ्रेंच अधिकाऱ्यांवर अचानक हल्ला झाला. क्रॅव्हॅट नीट बांधायला वेळ कुठला? पीळ देऊन टोकं कोटाच्या काजात खुपसली आणि पळाले लढायला, अशी कथा आहे. पॅरिसमध्ये लगेच तीच फॅशन. नऊच्या बसच्या धांदलीत मी टायचं जे काही करायचो, त्याची मात्र कुणी फॅशन केली नाही.

पुढे पोशाखाच्या टापटिपीसाठी गाजलेल्या लंडनच्या ब्यू ब्रमेलने खळ घातलेल्या मलमलीचा क्रॅव्हॅट आणला. पहिल्या झटक्यात चुण्या मनासारख्या पडल्या नाहीत की ते कापड बाद. त्याचा नोकर चुरगळलेल्या कापडांचा ढीग घेऊन जिना उतरायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "हे आमचे फसलेले." ब्रमेल 1816 मध्ये कर्जापायी फ्रान्सला पळाला. मला त्या ढिगाच्या धुण्याचीच काळजी वाटते.

मलमलीशी आपलं नातं आहेच. सतराव्या-अठराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनी बंगालची मलमल जहाजांनी न्यायची आणि तिकडे ती गळ्यांना गुंडाळली जायची. जाणकार रेशमी क्रॅव्हॅटच खरा मानतात. मानोत बापडे. विदर्भात रेशीम घामाने मानेला चिकटतं, म्हणून माझे क्रॅव्हॅट मलमलीचे. आमच्या टेलरला चित्र काढून दिलं तर पहिल्यांदा त्याने बाळाचं लाळेरं शिवलं. मग समोर बसून मधल्या पट्टीला बारीक चुण्या घालून घेतल्या. म्हणाला, "उरेब कापू का?" उरेब म्हणजे कापड तिरकं धरून. टाय तसाच कापतात, 1924 साली न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने उरेब कापून तीन तुकड्यांत शिवायची युक्ती काढली, तेव्हापासून टाय मुरगळत नाही. मी म्हटलं, सरळच काप. मुरगळू दे.

आता माझ्याकडे सहा आहेत. खळ नाही, इस्त्री नाही, रोज संध्याकाळी बादलीत. कॉलर ब्रशने घासायचं काम घरातून संपलं, म्हणून बायकोची हरकत नाही.

गेल्या आठवड्यात बी.पी. दाखवायला जुन्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्या टायला त्यांनी वीस वर्षं पाहिलंय. खुर्चीत बसलो, बाही वर करायला घेतली, तर त्यांनी बॅटरी उचलली आणि म्हणाले, "आधी आ करा."