गुडघे दुखतात, तरी रंकाळ्यावर कशाला?

"काकू, गुडघं दुखत्यात न्हवं? मग फेऱ्या कशाला मारताय? आणखी झिजतील की!" कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर हे मला कुणी ना कुणी विचारतंच. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात म्हणून तुम्हीही विचारलंत, तर सांगते.

एक्स-रेत झीज दिसली तेव्हा मीही हेच धरून बसले होते. जिना बंद, मंडई बंद, सगळं खुर्चीतून. सहा महिन्यांत डावी मांडी हाताला पिठासारखी मऊ लागायला लागली आणि खुर्चीतून उठायलाही टेबलाचा आधार लागू लागला. दुखणं होतं तिथंच.

मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं. गुडघ्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीत, रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की ती दबते, उचलला की पुन्हा फुगते, आणि त्या दाबण्या-सुटण्यातूनच सांध्यातल्या वंगणाचं पोषण तिच्यात शिरतं. बसून राहिलं की तिची उपासमार. शिवाय चालताना बसणारा हिसका मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. तो गेला की सगळा भार सांध्यावर. तालमीतली पोरं बैठका मारून मांड्या कमावतात, त्या कोल्हापुरात हे मला साठीत कळावं याची हळहळ वाटते.

बैठका आपल्यासाठी नाहीत. मी पाय लांब करून बसते, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते आणि ती खाली दाबते. वाटी मांडीकडे सरकते, टाच जरा उचलली जाते. पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. पहिल्या आठवड्यात माझी मांडी थरथरायची. आता चहा उकळेपर्यंत दोन्ही पायांचं होतं.

वजनाचंही सांगते. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण ४ किलो भार कमी होतो. माझं पाच किलो उतरलंय.

चूकही झाली. बरं वाटतंय म्हणून जोतिबाच्या डोंगरावर पायी गेले. चढले छान, उतरताना गुडघ्यानं जीव काढला आणि आठवडाभर सूज. उतरताना भार जास्त येतो, हे तेव्हा अंगानं कळलं. आता जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. डावा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात. चालताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त ठणकलं, तर त्या दिवशी अर्धंच चालायचं. गुडघा अचानक सुजला, लाल-गरम झाला, अडकला किंवा सोबत ताप आला, तर मात्र थेट डॉक्टरांकडे.

तुमच्या आईंना रविवारी सकाळी रंकाळा टॉवरपाशी घेऊन या. मी साडेसहाला तिथं असते. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं चालू आणि बाकावर बसू.