गोळीचा हिशोब आणि शेवटचा तास

नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी मुलाला तपासलं, वजन-उंची-बीपी लिहून घेतलं, लक्ष टिकावं म्हणून मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू केली. इथवर काही अडलं नाही. ताप दिला तो शाळेच्या फॉर्मने.

मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार; सोबत वाचन-लेखनाची अडचण. औषध लहान डोसने सुरू होतं. वाढवायचं की नाही ते घर आणि शाळा, दोन्हीकडचं पाहून ठरवतात. त्यासाठी 'व्हँडरबिल्ट' फॉर्म. 'जागेवरून उठतो', 'आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही' अशी वाक्यं आणि पुढे 0 (कधीच नाही) ते 3 (अगदी नेहमी) पैकी एका आकड्यावर खूण. चहा निवेपर्यंत भरून होतो.

पण शाळेच्या ऑफिसात म्हणे, "मेडिकलच्या कागदावर आम्ही काही लिहून देत नाही." मग प्रिन्सिपल मॅडम रजेवर. मग फॉर्मच सापडेना. दुसरी प्रत दिली, ती परत आली तर सगळ्या खुणा 2 च्या रकान्यात, पेन न उचलता वरून खाली ओढल्यासारख्या. खाली शेरा: 'फरक नाही'. बाप्पा, इतकी चिडले मी!

डॉक्टरांनी एकच विचारलं, "हा फॉर्म भरणाऱ्या मॅडमचा तास कितवा?"

शेवटचा! साध्या गोळीचा असर जेमतेम चार तास. सातला घेतलेली गोळी साडेबाराच्या तासाला कुठून दिसणार? डॉक्टरांनी दोन ओळींची चिठ्ठी दिली, 'प्रमाणपत्र नको, फक्त निरीक्षण हवे'. ती पाहून ऑफिस एकदम मऊ झालं. दुसऱ्या तासाच्या मराठीच्या सरांनी फॉर्म भरला. गोळीआधी जिथे 3 होते, तिथे बऱ्याच ठिकाणी आता 1.

म्हणून चिठ्ठी आधीच मागून घ्या. आणि हो, पहिला फॉर्म गोळी सुरू व्हायच्या आधी भरून घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? गोळीने भूक मरते, डबा तसाच परत येतो. आमच्याकडे आधी पोटभर पोहे, मग गोळी. हे औषध प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही, गोळ्यांची पट्टी संपायची वाट पाहू नका.

काना-मात्रा अजून सुटतातच. गोळी वाचायला शिकवत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यासाठी रेमेडियलच्या ताई आहेत. त्यांच्यासमोर आता तो तासभर बसतो. पुढचा फॉर्म दिवाळीनंतर. कोऱ्या प्रती झेरॉक्स करून ठेवल्यात, त्यावर सरांचंच नाव टाकून.