ऑईलमध्ये डिझेल उतरतंय? नोझल खोलायच्या आधी हे बघा

ट्रॅक्टरच्या इंजिनातलं ऑईल कमी झालं की सगळे घाबरतात, पण वाढलं तर कुणाला काही वाटत नाही, उलट "बरंय, इंजिन ऑईल खात नाहीये" म्हणत ऑईल मोजायची पट्टी पुसून परत आत. अहो, ऑईल आपोआप वाढत नसतं. पट्टीवर खुणेच्या वर दिसतंय म्हणजे दुसरं काहीतरी आत येतंय, पाणी, हायड्रॉलिकचं ऑईल नाहीतर डिझेल.

पाणी असेल तर ऑईल पांढरट फेसाळ होतं आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होतं. हायड्रॉलिकचा पंप इंजिनवर बसवलेला असेल आणि त्याचं शाफ्ट सील गेलं असेल तर तिकडचं ऑईल इकडे येतं, पण मग हायड्रॉलिकची लेव्हल उतरते आणि इंजिन ऑईल डिझेलने पडतं तसं पातळ पडत नाही. डिझेल आलं की मात्र पट्टीवरून थेंब पटकन ओघळतो, बोटांत चोळला तर चिकटपणाच लागत नाही, वास येतो, आणि गरम इंजिन स्लोवर असताना ऑईल प्रेशरचा काटा खाली बसतो. वासावर सगळ्यांचा भरवसा बसत नाही, हातालाच डिझेल लागलेलं असतं ना, म्हणून टिश्यू पेपरवर एक थेंब नव्या ऑईलचा आणि शेजारी एक पट्टीवरचा टाकून थोडा वेळ ठेवा, डिझेलवाला थेंब भराभर पसरतो आणि काळ्या डागाबाहेर फिकट तेलकट कडं दिसतं.

हे पक्कं झालं की गाडी चालवू नका. "एवढं काम उरकून घेऊ" नको. पातळ ऑईलने बेअरिंग जातात हे तर झालंच, पण लेव्हल फार वाढली तर ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) किंवा पिस्टनच्या रिंगांवरून वर ओढलं जातं आणि इंजिन त्यावरच रेस व्हायला लागतं, मग बंद करायचा दांडा ओढून काही उपयोग नाही कारण ते पंपाच्या डिझेलवर चालतच नसतं, हवा बंद केली तरच थांबतं.

आता येतंय कुठून. बहुतेक मिस्त्री आधी नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढतात आणि माझं इथेच त्यांच्याशी पटत नाही. नोझल ठिबकत असेल तर ते सहसा आधी धुरावरून आणि आवाजावरून कळतं, पांढरा धूर, ठोका, एक सिलेंडर मिस. गाडी नीट ओढतेय, धूर स्वच्छ आहे आणि तरी ऑईल भराभर वाढतंय तर माझा संशय आधी फीड पंपावर (टाकीतून डिझेल ओढणारा) आणि डिझेल पंपावर (नोझलला दाबाने डिझेल देणारा).

पाना न लावता करायची टेस्ट म्हणजे टाकीचा कॉक. सपाट जागेवर गाडी लावायची, इंजिन गार होऊ द्यायचं, पट्टीवर मार्करने खूण करायची, एक रात्र कॉक चालू ठेवायचा आणि दुसऱ्या रात्री बंद. टाकी पंपापेक्षा उंच असेल तर कॉक चालू असताना उभ्या गाडीत लेव्हल वाढते आणि बंद असताना नाही, म्हणजे गळती कमी दाबाच्या बाजूला, फीड पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) नाहीतर डिझेल पंपाचं सील. नोझल उभ्या गाडीत गळत नाही, तिथे दाबच नसतो. आता लेव्हल दोन्ही रात्री हललीच नाही तर मात्र कुणीच सुटत नाही, कारण काही गळत्या इंजिन चालू असतानाच होतात.

डायफ्रामवाला फीड पंप ब्लॉकला बसलेला असेल तर बोल्ट काढून पाईप न सोडता बाहेर घ्या आणि हाताचा लिव्हर मारा, आर्मच्या बाजूने डिझेल टपकलं की चोर सापडला. डिझेल पंप रोटरी (एकच फिरता भाग सगळ्या सिलेंडरांना डिझेल वाटतो असा) असेल तर पुढचं शाफ्ट सील बघा, ते फाटलं की डिझेल टायमिंग केसमधून (पुढच्या गिअरांची पेटी) सरळ इंजिनाच्या ऑईल चेंबरमध्ये. इनलाईन पंपात (प्रत्येक सिलेंडरला वेगळं एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा छोटा पिस्टन) झिजलेल्या एलिमेंटमधून डिझेल खाली कॅमच्या खोलीत उतरतं, फीड पंप त्याच पंपावर बसवलेला असेल तर त्याच्या दांडीवरूनही, आणि पंपाला इंजिनचंच ऑईल फिरत असेल तर ते इंजिनात जातं. पंपाचं ऑईल वेगळं असेल तर आधी तिथली लेव्हल वाढते, हे बरेच जण बघतच नाहीत.

काही इंजिनांत नोझलचा रिटर्न पाईप (उरलेलं डिझेल परत नेणारा) टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या आत असतो, तिथला बॅन्जो (पाईपचा पोकळ बोल्टवाला जोड) ढिला किंवा कॉपर वायसर दबलेला असला की बाहेर एक थेंब दिसत नाही आणि आत धार चालू. अशा ठिकाणी डिझेलमध्ये टाकायचा यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) आणि यूव्ही टॉर्च भारी काम करतात.

या सगळ्यातून काहीच निघालं नाही तर मग नोझल काढा आणि टेस्टरवर (हाताने दाब देऊन नोझल तपासायचं यंत्र) लावा, दाब धरतोय का आणि टोक कोरडं राहतंय का ते बघा. टेस्टरच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, कातडीतून आत घुसतो.

डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) नव्या ट्रॅक्टरचं गणित जरा वेगळं, फिल्टर साफ करायला जे जादा डिझेल मारलं जातं त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतंच, त्यामुळे तिथे रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळून फिल्टर साफ होणं, पुन्हापुन्हा अर्धवट तुटतंय का ते आधी तपासा. दुरुस्ती झाल्यावर ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला आणि ती मार्करची खूण लगेच पुसू नका, पहिले काही दिवस रोज सकाळी पट्टी तिच्याशी ताडून बघा.