सुभेदारांचं मेडल

आमच्या घरात पणजोबांना सगळे सुभेदार म्हणतात. ‘बसऱ्याला (म्हणजे आजच्या इराकात) लढले,’ एवढीच त्यांची पोथी. त्यांचं मेडल दसऱ्याला विळ्या-कोयत्यांच्या पंगतीत बसायचं आणि हळदकुंकू खायचं. इतकं, की त्यावरचा पंचम जॉर्ज ओळखू येईनासा झाला होता.

गेल्या दसऱ्याला मी ते चिंच-मीठ लावून घासलं. (जुनं मेडल असं घासायचं नसतं, हे नंतर कळलं.) पांढरं निघेल म्हणून बघतोय, तर निघालं तांबूस. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल साध्या शिपायालाही चांदीचं मिळे. ब्राँझचं आलं ते बहुतकरून लेबर कोअरच्या, म्हणजे सैन्यातल्या मजूर दलाच्या वाट्याला. कडेवर भिंग धरलं. नंबर, नाव, आणि नावाआधी बारीक इंग्रजी अक्षरांत हुद्दा: कुली.

म्हणजे बसऱ्याच्या बंदरात धक्के बांधायचे, गोण्या उतरवायच्या, रूळ टाकायचे, यांपैकी काहीतरी. गावातल्या खऱ्या शिपायांची मेडलं केव्हाच सोनाराकडे जाऊन जोडवी झाली असतील. आमचं टिकलं, कारण वितळवून मिळणार काय होतं!

मग मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात दोन दिवस बसलो. मी चाळलेल्या कागदांत कुली मोजलेले होते, नावानिशी लिहिलेले नव्हते. तिकडे बसऱ्याच्या स्मारकावर ४०,०००हून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. लढून मेलेल्या शिपायाचं नाव त्या दगडावर नाही आणि गोण्या वाहणाऱ्या आमच्या म्हाताऱ्याचं नाव धातूवर आहे, नंबरासकट. मी ते पुन्हा भिंगाखाली धरलं. एक अक्षर चुकलंय, पण आहे.

राहिला प्रश्न बढतीचा. नव्वदीला टेकलेल्या आत्याला भीतभीतच विचारलं. ती मेडलकडे न बघताच म्हणाली, “आईनं केलं त्यांना सुभेदार. माझी सोयरीक जुळवताना.”

“पण एकदम सुभेदार?”

“अरे, हवालदारच करणार होती. पण माझे सासरे हवालदार होते ना!”