दाराची करकर-खडखड: पॅनल उघडण्याआधी निम्मं काम

गाडीच्या दारातून आवाज आला की पहिला हात दाराच्या आतल्या पॅनलकडे, म्हणजे प्लॅस्टिकच्या आवरणाकडे जातो. मी तो मुद्दाम शेवटी घातला. पॅनल एकदा उघडलं की दोन-चार क्लिपा तुटतातच आणि त्यातून नवा आवाज जन्माला येतो.

आधी आवाजाची जात ओळखायची. करकर असेल तर काहीतरी घासतंय, खडखड असेल तर काहीतरी सैल होऊन आपटतंय. खराब रस्त्यावर दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला देऊन मी शेजारी बसलो आणि तळहाताने पॅनल, आर्मरेस्ट, काचेची चौकट असं एकेक दाबत गेलो. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे खूण करायची. काच अर्धी खाली केल्यावरच खडखडत असेल, तर काचेच्या खाचेतलं रबर झिजलंय किंवा काच वर-खाली करणाऱ्या मशीनचे बोल्ट ढिले झालेत. थोडीशी उघडी काच किंचित थरथरतेच, तेवढ्यासाठी दार खोलू नये.

करकर सहसा दाराच्या रबरातून येते. ओल्या कापडाने रबर आणि ते जिथे टेकतं तो पत्रा, दोन्ही पुसायचे, वाळू द्यायचे आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. बिजागरी आणि दार उघडं धरणारा स्टॉपर यांना मात्र पांढरं लिथियम ग्रीस हवं. गंज सोडवायचा स्प्रे मारला की आवाज लगेच जातो खरा, पण उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं आणि थोड्याच दिवसांत कुरकुर परत येते.

मग लॉकची कडी, म्हणजे दाराच्या चौकटीच्या खांबावरचा स्ट्रायकर, ज्यात दाराचं लॉक अडकतं. त्यावर इन्सुलेशन टेपचे एक-दोन वेढे देऊन गाडी फिरवली. टेपने आवाज गेला तर दोष तिथेच. मार्करने जुनी जागा आखून, स्क्रू ढिले करून कडी फार तर १ मिलिमीटर आत सरकवायची. दार आपटून लावावं लागलं तर जास्त सरकली असं समजा.

एवढं करूनही खडखड उरली म्हणून पॅनल उघडलं. स्क्रू लपलेले असतात: आतल्या हँडलमागे, आर्मरेस्टच्या खळगीत, आरशाजवळच्या तिकोनी झाकणाखाली. दारात एअरबॅगचा सेन्सर असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबायचं. प्लॅस्टिकची पट्टी खालच्या कडेत घालून क्लिपा एकेक सोडवायच्या. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने कडा चिरडतात. शेवटी पॅनल वर उचलायचं, पण ओढायचं नाही, मागे वायरी आणि हँडलची केबल अडकलेली असते.

पॅनलच्या आतल्या बाजूला धूळ बसलेली होती आणि त्या धुळीत बोटाच्या पेराएवढा एक चकचकीत, घासलेला ठिपका. समोर बघितलं तर मोकळा लोंबणारा वायरीचा कनेक्टर. असा ठिपका हाच सगळ्यात भरवशाचा पुरावा. कनेक्टरला फेल्ट टेप (मऊ, लोकरीसारखी कापडी टेप) गुंडाळून तो वायरींच्या जुडग्याला बांधला. लॉकच्या सळयांनाही टेप लावली, फक्त त्यांची हालचाल अडू नये एवढं बघून. स्पीकरचे स्क्रू घट्ट केले, पत्र्यावर बोटाने टकटक करून जिथे डब्यासारखा पोकळ आवाज आला तिथे ब्युटिल शीटचा (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट रबरी शीट) तुकडा चिकटवला. फोम वापरायचा तर बंद छिद्रांचा. साधा स्पंज पाणी पितो आणि पत्रा गंजवतो. दाराच्या तळाची पाणी जाणारी भोकं कशानेही बुजवायची नाहीत. आतला प्लॅस्टिकचा पडदा जिथे सुटला तिथे नीट परत चिकटवायचा, नाहीतर पावसाचं पाणी आत झिरपतं.

तुटलेल्या क्लिपेचं डोकं पत्र्याच्या भोकात अडकून राहतं. ते दाराच्या पोकळीत पडू न देता चिमट्याने काढायचं आणि त्याच मापाची नवी क्लिप घालायची. पॅनल ठोकण्याआधी सगळे कनेक्टर लावून मगच बॅटरी जोडली, काच वर-खाली करून पाहिली. मग दार उघडंच ठेवून लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने आत ढकलली आणि आतलं हँडल ओढलं. ती सुटली तरच दार लावा. केबल नीट अडकली नसेल तर दार बंद झाल्यावर ते आतून उघडणार नाही.